नजरेचं माप

गेल्या श्रावणात मी पांडुरंगासमोर उभी राहिले आणि मला त्याचे फक्त पाय दिसले. वरचा सगळा पांडुरंग माझ्याच पापण्यांनी झाकून टाकला होता. कमरेवरचे हात दिसावेत म्हणून हनुवटी जरा वर केली. मुख दिसावं म्हणून आणखी वर केली. अखेर मुख दिसलं, पण तोवर माझी मान अशी ताठ झाली होती की देवाकडं नाकावरून बघणारी ही कोण महाराणी आली, असं मागं उभ्या असलेल्या कुणालाही वाटलं असतं. नमस्काराला मान खाली घातली की देव नाहीसा व्हायचा आणि देव बघायचा तर मान ताठ करायची. हा कसला पेच घातलास रे बाबा, असं मी त्याला तिथंच विचारलं. तो लगेच कधीच बोलत नाही, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक झालं आहे.

आम्ही शिंपी. आमचे पूर्वज म्हैसुरात कधी आले ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, रागावलो की कन्नडात शिरतो आणि मापं मात्र इंचात घेतो. घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गल्लीच्या टोकाला आमच्या समाजाचं विठ्ठलाचं छोटं देऊळ. मूर्ती काळ्या दगडाची, उंचीनं जेमतेम शाळकरी पोराएवढी, पण उभी अशी की सगळी गल्ली तिच्या धाकात असावी. दर कार्तिकी एकादशीला देवाला नवी रेशमी अंगी चढते, आणि ती शिवायची सेवा आमच्या घराकडं आहे. सासूबाईंनी जाताना दागिने धाकट्या जावेला दिले आणि ही सेवा मला दिली. जाऊ अजूनही समजते की वाटणीत तिचंच पारडं जड झालं.

या सेवेची एक रीत आहे. देवाच्या अंगाला टेप लावायची नाही. जुनी अंगी उसवून तिच्यावरून नवी बेतायची नाही, कागदाचा नमुना करून ठेवायचा नाही. एकादशीच्या आधी एका सकाळी आचार, म्हणजे आमचे पुजारी, अभिषेक करतात, देव नुसता दगडात उभा असतो, तेवढ्या वेळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहून पायांपासून मुकुटापर्यंत त्याला डोळे भरून बघायचं. मग सभामंडपात बसायचं, कापड पसरायचं, खडूनं खुणा करायच्या आणि त्याच्या समोर कात्री लावायची. मी नवी सून असताना सासूबाईंना विचारलं होतं, की दगडाची मूर्ती, तिचं माप काय दरवर्षी बदलतं? त्या म्हणाल्या, "अगं, तोही वाळतो, भरतो. त्याच्याकडं कोण कोण काय काय घेऊन येतं वर्षभर. तू बघ तर खरं." मला ते तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. पण पुढं मी खरंच बघू लागले आणि एखाद्या वर्षी तो मला थकलेला दिसू लागला. त्या वर्षी मी खांद्याशी थोडी सैल अंगी शिवत असे. टेपनं मोजलं असतं तर हे कुठून कळलं असतं?

तर अशी सेवा, आणि माझ्या पापण्या मिटत चाललेल्या. सुरुवात कधी झाली ते मला सांगता येणार नाही. बेंगळूरला असलेली आमची मुलगी विद्या एकदा फोनवर तोंड दाखवून बोलताना म्हणाली, "आई, मी बोलतेय आणि तू झोपतेस काय? बोअर होतंय तर सांग की." मी टक्क जागी होते. दुकानात येणाऱ्या बायका एकमेकींत म्हणू लागल्या, की शिंपीणबाईंचं नाक हल्ली फार वर गेलंय. सुईत दोरा ओवताना मी डाव्या हातानं पापणी उचलायची, मग दोरा धरायला हात उरायचा नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कडकोळच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरात बसून माझी थट्टा करणं हाच आता त्यांचा पूर्ण वेळचा उद्योग आहे. मला हनुवटी वर करून मशीन चालवताना पाहून ते म्हणायचे, "स्वल्प खाली बघ गं. छतावरच्या पाली मोजतेस काय?"

सगळ्यात मोठा घोळ झाला तो भजनात. दर गुरुवारी आमचं बायकांचं भजन असतं. मी टाळ घेऊन पुढं बसते. पापण्या खाली आलेल्या, मान मागं टाकलेली, आणि भुवया वर चढवलेल्या, कारण भुवयांच्या जोरावरच मला थोडंफार दिसत होतं. बघणाऱ्याला काय वाटावं? नव्यानं आलेल्या इंदूबाईंनी भजन संपल्यावर वाकून माझ्या पायांना हात लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती तल्लीन होता हो तुम्ही. आम्हाला मेलं घरचं दूधच आठवत राहतं." मी म्हटलं, अहो, मला दिसत नाहीये. त्यांना तो माझा विनय वाटला. पुढच्या गुरुवारी आणखी दोघींनी पाय धरले. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. "आयतु, झालं! आमच्या घरात आता संत निघाल्या. उद्या गल्लीत पालखी काढतील, मला पुढं पताका धरायला लावतील." मीही हसले. हसता हसता मला रडू आलं आणि त्यांचं हसू थांबलं. संध्याकाळी त्यांनीच विद्याला फोन लावला.

विद्या सुट्टी घेऊन आली आणि मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई वयानं विद्याएवढ्याच. त्यांनी खूप प्रश्न विचारले. सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असं होतं का, एकाचे दोन दिसतात का, घास गिळताना अडकतो का. मला वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं, भुवई अंगठ्यानं दाबून धरून पापणी किती उचलते ते पट्टीनं मोजलं. मग म्हणाल्या, दुसरा काही आजार दिसत नाही. पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड वयानं सुटली आहे आणि वरची कातडीही लोंबते आहे. मी म्हटलं, म्हणजे आतलं इलॅस्टिक सैल झालंय आणि वरचं कापड जास्त झालंय. त्या मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच. जास्तीचं काढून टाकू आणि आतलं ताणून टाके घालू.

हसण्यावर निभावलं असतं तर बरं झालं असतं. पण मी शिंपीण. मी लगेच विचारलं, जास्त कापलं गेलं तर? त्यांनी काही लपवलं नाही. कधी पापणी थोडी जास्त उचलली जाते, मग डोळा पूर्ण मिटत नाही, कोरडा पडतो. कधी कमी उचलली जाते, परत करावं लागतं. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे होतील असं मी लिहून देणार नाही, प्रयत्न करीन. फार क्वचित नजरेलाही धोका असतो, तेही तुम्हाला माहीत असायला हवं. विद्या इंग्रजीत आणखी काय काय विचारत राहिली. माझं लक्षच उडालं. जास्त कापलं गेलेलं कापड काय असतं ते मला सांगायला नको. माझ्या हातून आयुष्यात एखाद-दुसरं कापड असं गेलं आहे, आणि ते मी अजून विसरलेले नाही. कापडाला निदान बाजार आहे. पापणी कुठल्या दुकानात मिळते?

मी तारीख घेतली नाही. कात्री लावून घेण्यापेक्षा या वर्षी सेवाच जावेकडं द्यावी, असं मनाशी ठरवायला लागले. जावेला मशीन चालवता येतं, नजरेनं माप घेता येत नाही. ती गुपचूप टेप लावील, मला कळणार नाही, देवाला कळेल. दसऱ्याची कामं अंगावर होती, रात्री झोप लागेना. रोज सकाळी देवळात जाऊन मी त्याच्याशी भांडायचे. तुला माझ्या हातची अंगी नको झाली असेल तर तसं सांग, म्हणायचे. डोळे कशाला झाकतोस?

दसऱ्याच्या थोडं आधी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. विद्या बेंगळूरला परतली होती, हे बरोबर आले आणि आल्या आल्या चहा शोधायला गेले. मी बाकावर बसले. शेजारी एक बाई सासूला घेऊन आली होती. सासूच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. बाई म्हैसूरजवळच्या वरुणेकडच्या खेड्यातली, उन्हानं रापलेली, हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर भली मोठी पिशवी. बोलता बोलता, अर्थात कन्नडात, तिनं विचारलं की तुम्ही काय करता. ब्लाउज शिवते म्हटल्यावर तिचे डोळे असे चमकले की मी दचकलेच. तिच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. मुहूर्ताच्या साडीतला ब्लाउजचा तुकडा घेऊन ती सकाळपासून दुकानं हिंडली होती आणि दसऱ्याच्या गर्दीत सगळ्यांनी तिला परत पाठवलं होतं. तिनं पिशवीतून तो तुकडा काढला. गर्द जांभळं रेशीम, जरीचा काठ. त्याच साडीतला तेवढाच तुकडा. चुकला तर तसा दुसरा जगात नाही. त्याबरोबर मापाचा जुना ब्लाउजही काढला, आमच्याकडं सगळ्या देतात तसा, आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवलं.

मी घाबरून ते परत तिच्याकडं सरकवलं. म्हटलं, बाई, माझ्याकडं नीट बघा. मी इथं कशासाठी बसलेय? माझ्या पापण्या उघडत नाहीत. वाकडंतिकडं कापलं गेलं तर तुमच्या लेकीच्या लग्नाचं काय होईल?

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. खरंच वाकून, निरखून बघितलं. मग ती हसली आणि म्हणाली, "कोट्टायतल्ला अम्मा." म्हणजे, देऊन झालं की. "मला काय कळतं कापण्यातलं? मी घरी नेऊन उशाशी ठेवलं तर ते शिवून होणार आहे काय? आता ते तुमच्या हातात. इन्नु निम्म कै." आणि तेवढ्यात तिच्या सासूचं नाव पुकारलं गेलं. तिनं माझ्या दुकानाची गल्ली विचारून घेतली, सासूचा हात धरला आणि आत गेली. नाव सांगितलं नाही. पिशवी उचलताना त्या रेशमाकडं एकदा वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी मांडीवरचं रेशीम धरून बसून राहिले. इतकी वर्षं बायका माझ्याकडं कापड देऊन जातात. कुणाचं माहेरचं शेवटचं लुगडं असतं, कुणाचं नवऱ्यानं हौसेनं आणलेलं. मी त्यांच्या देखत खडू मारते आणि त्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करायला निघून जातात. त्यांना भीती कशी वाटत नाही, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्या कौशल्यावर त्यांचा भरवसा आहे. या बाईला माझं कौशल्य ठाऊक नव्हतं. तिनं दिलं, एवढंच. देता येतं म्हणून दिलं. आणि मी, रोज देवापुढं मान खाली घालणारी, माझं चिमूटभर कातडं घट्ट धरून बसले होते. हे चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "दसरा झाला की लगेच तारीख घ्या." त्यांनी माझ्या मांडीवरचं रेशीम बघितलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "दवाखान्यातसुद्धा गिऱ्हाईक गाठलंस काय गं तू?"

दसऱ्याचा हत्ती गेला, गर्दी ओसरली आणि माझी तारीख आली. ऑपरेशनच्या खोलीत न्यायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत ताठ बसवलं आणि पापणीवर पेनानं रेघा मारल्या. मी विचारलं, झोपवून का नाही मारत? त्या म्हणाल्या, झोपल्यावर कातडी मागं सरकते, माप खोटं येतं. मला एकदम बरं वाटलं. गिऱ्हाइकाला मीही कधी बसवून मापते का? उभंच करते. म्हटलं, हिचा हात आपल्यातला दिसतो. मग इंजेक्शन दिलं. पापण्या बधिर झाल्या, पण मी जागी होते आणि कान पूर्ण शाबूत होते.

कानच शाबूत नसते तर बरं, असं वाटायची वेळ पुढं आली. मला कात्रीचा आवाज आला. बारीक, कुरकुरीत. जन्मभर जो आवाज मी स्वतः काढत आले, तो माझ्या डोळ्यावर. दुखत अजिबात नव्हतं, पण हातपाय गार पडले. नामस्मरण करावं म्हटलं तर नामही आठवेना. आठवली ती वरुणेची बाई. मी मनात म्हटलं, कोट्टायतु. देऊन झालं, पांडुरंगा. आता ते तुझ्या हातात. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला असं काही दिलं, जे परत मागायला मला उसंत नव्हती. एवढी वर्षं दिलेल्या अंग्या एका बाजूला आणि हे एका बाजूला. हळूहळू हात गरम झाले.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अम्मा, आता बसवणार आहोत तुम्हाला. पापणी किती आलीय ते बघायचंय." म्हणजे ट्रायलच की! मला मागून धरून बसवलं. "कण्णु बिडी. नेर नोडी." डोळे उघडा, समोर बघा. मी डोळे उघडले. भुवया न उचलता, मान मागं न टाकता, नुसते उघडले. औषधामुळं सगळं धूसर होतं, वरच्या दिव्याचा पांढरा उजेड डोळ्यांत पसरला होता. आणि त्या उजेडात माझ्या समोर, पलंगाच्या पायथ्याशी, कुणीतरी उभं होतं. दोन्ही पाय जुळवून. दोन्ही हात कमरेवर.

मला पायांपासून मुकुटापर्यंत सगळं एका नजरेत दिसलं. मुकुटाच्या जागी हिरवी टोपी होती हेही दिसलं. ती तिथली एक नर्स होती. तिचं त्या घटकेला काही काम नव्हतं, म्हणून कमरेवर हात ठेवून ती माझ्याकडं बघत उभी होती. मला हसू फुटलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "हसू नका अम्मा, माप चुकेल!" नर्स विचारत राहिली, काय झालं, काय झालं? मी काय सांगणार? नंतर पट्टी बांधताना मी तिला विचारलं, तर म्हणाली, दिवसभर उभं राहून कंबर धरते हो, म्हणून अशी उभी राहते. मी म्हटलं, त्याचीही धरत असेल. तिला काही समजलं नाही, पण ती गोड हसली. तो योगायोग होता की आणखी काही, हे मला कुणाला पटवून द्यायचं नाही. मला बघायला सांगितलं आणि समोर तो उभा होता, एवढं मला ठाऊक आहे.

पुढचे दिवस मात्र काही दिव्य नव्हते. डोळे सुजून वांग्यासारखे जांभळे झाले. टाके निघाले, सूज उतरली, तरी पापण्या पूर्ण मिटेनात. झोपेतसुद्धा डोळ्यांची फट राहायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही आठवडे असं होतं, थेंब आणि मलम चुकवू नका. दुपारी मी पडले की हे थेंब घालायला येत. जन्मात कधी सुईत दोरा न ओवलेला माणूस, पण हात असा जपून यायचा की पापणीला बाटलीचा स्पर्श होत नसे. "माशासारखी उघड्या डोळ्यांनी झोपतेस," म्हणायचे. "इतकी वर्षं पाळत ठेवलीस तेवढी पुरे नाही काय?" मग थेंब घालून झाल्यावरही जरा वेळ तिथंच बसून राहायचे. आरशात बघितलं की मला डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली वाटायची. विद्या म्हणायची, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ज्या बाईला गिऱ्हाइकाचा खांदा सुतभर खाली असला तरी दारातून दिसतो, तिची समजूत कशी पटावी? मी आरसा पुसून पुसून बघायचे.

एकादशी जवळ आली तशी अभिषेकाची सकाळ आली. सोवळं नेसून, हातावर केशरी रेशीम घेऊन मी उंबऱ्याशी उभी राहिले. आचार म्हणाले, "बन्नी अम्मा, या, वाट बघतोय तुमची." देवाच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. मी मान सरळ ठेवली आणि बघितलं. पाय, गुडघे, कमरेवरचे हात, खांदे. उजवा खांदा किंचित वर, ते मला माहीत होतं, त्याची मुरड मी दरवर्षी देते. मग मी मुखाकडं आले. खरं सांगायचं तर इतकी वर्षं माप घेताना मी मुखावरून नजर लगेच काढून घेत असे. अंगीला मुखाचं माप लागत नाही, आणि त्याच्या डोळ्यांत बघायचा धीरही होत नसे. त्या दिवशी मात्र डोळे मिळाले होते, तर बघू तरी म्हणून मी बघत राहिले.

त्याची डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली होती.

दगड घडवणाऱ्याचा हात तेवढा हलला असेल. की त्यानं मुद्दामच तसं केलं असेल? ते मला माहीत नाही. पण शंकेला जागा नव्हती. मी शिंपीण आहे, सुतभर फरक मला दिसतो. ओल्या दगडावर तो स्पष्ट दिसत होता. एवढी वर्षं हा माणूस असाच माझ्यासमोर उभा होता, आणि असल्या पापणीनं त्यानं सगळ्या गल्लीचं सगळं बघितलं होतं. मला त्याचं इतकं प्रेम आलं की काय सांगू. देव म्हणून नाही, घरातल्या माणसाचं येतं तसं. मी तिथंच म्हटलं, बघा, आणि मी आरसे पुसत बसले होते! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आचार घाबरले, ऑपरेशनचे डोळे आहेत अम्मा, रडू नका. मी म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय ओले ठेवायला.

मग सभामंडपात बसून मी रेशीम पसरलं, खुणा केल्या आणि कात्री लावली. हात एकदाही अडला नाही. तो या वर्षी मला भरलेला दिसला होता, तसंच बेतलं. एकादशीला अंगी चढली तेव्हा आचारांना मागचे बंद ओढावे लागले नाहीत, सोडावेही लागले नाहीत. दोन दिवसांनी वरुणेची बाई जांभळा ब्लाउज न्यायला आली. मी म्हटलं, उलगडून बघा, काही कमीजास्त असेल तर आत्ताच करून देते. तिनं घडीसुद्धा मोडली नाही. पिशवीत ठेवला, माझ्या डोळ्यांकडं बघून दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली आणि बस धरायला गेली. तिला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती, मी काय केलं? कापड दिलं.

आता भजनात मी डोळे उघडे ठेवून बसते, सगळ्यांची तोंडं बघते, कोण ताल चुकतंय तेही दिसतं. इंदूबाई थोड्या हिरमुसल्या आहेत. त्यांना वाटतं माझी तल्लीनता गेली. त्यांना नाराज करायचं माझ्या जिवावर येतं, पण काय करू? एकादशीच्या भजनाला पुरुषही असतात, तिथं शेवटी आरतीच्या वेळी मी त्याच्याकडं मान सरळ ठेवून मनसोक्त बघून घेतलं, आणि मग पापण्या मिटल्या. फट राहिली नाही. दोन्ही पूर्ण टेकल्या, त्या दिवशी पहिल्यांदा. आपणहून मिटलेल्या डोळ्यांतला अंधार किती मऊ असतो, ते मी विसरूनच गेले होते. शेजारी ह्यांनी कोपरानं हळूच ढोसलं आणि कानात म्हणाले, "झोपलीस काय गं?"

मी डोळे न उघडताच म्हटलं, "नाही हो. देऊन झालंय, आता बसलेय."